फाट्यावर थांबण्याचा नियम

१४ जानेवारी १९३८, शुक्रवार. संक्रांत.
आसिफाबाद मोटरसायकल क्लबची वार्षिक सभा आमच्या घरी. सभासद तीन, तिघेही हजर: मी (सेक्रेटरी, पेशा वकिली), जिनिंगचे मॅनेजर उद्धवराव आणि जंगल खात्याचे यशवंतराव. ठराव: यंदाची ग्रुप राइड ११ फेब्रुवारीला, जुम्म्याच्या सुट्टीत. बेज्जूरच्या जंगलातून प्राणहितेच्या काठापर्यंत. यशवंतराव म्हणाले, पुन्यांदा तोच रस्ता काऊन? बासरले जाऊ. मी म्हणालो, रस्त्याला घाबरणं क्लबला शोभत नाही. ठराव पास.

गेल्या वर्षी आम्ही चौघं होतो. वामनराव मास्तर सर्वांत मागे होते.

सुभद्रा म्हणाली, मास्तरांच्या रेणुकाबाईंना तिळगूळ देऊन या, समोरच तर राहतात. इतिवृत्त लिहायचं होतं. जमलं नाही.

१९ जानेवारी.
नियमावलीची फेअर कॉपी केली. नियम पहिला: फाटा आला की थांबावे. मागचा गडी दिसून त्याने हात वर करेपर्यंत जागचे हलू नये. (धुळीपायी फर्लांगभर अंतर ठेवावं लागतं, म्हणून.) नियम माझाच आहे, आणि मी तो कधी मोडलेला नाही. गेल्या वर्षीसुद्धा बेज्जूरच्या अलीकडच्या फाट्यावर मी वामनरावांसाठी चांगला दहा मिनिटं थांबलो होतो. उजवीकडे सडक, डावीकडे जुनी गाडीवाट. ती गाडीवाट नदीच्या कड्याशी संपते. वामनराव डावीकडे गेले. दोन दिवसांनी वारले. सेक्रेटरी याहून जास्त काय करणार?

२४ जानेवारी.
राइडच्या इजाजतीसाठी पोलिसांच्या अमीनसाहेबांकडे उर्दूत दरखास्त दिली. त्यांनी विचारलं, तीन माणसं एकत्र जाणार म्हणजे जमाव झाला. तकरीर, म्हणजे भाषण, होणार का? मी म्हणालो, इंजिनं चालू असताना तकरीर ऐकू येत नाही. ते म्हणाले, आणि बंद केल्यावर? शेवटी लिहून दिलं की क्लबला कोणत्याही विषयावर मत नाही. इजाजत मिळाली.

२८ जानेवारी, शुक्रवार.
प्रॅक्टिस. एकटाच गेलो, सहा मैल. गाडी फर्स्ट क्लास. फक्त मागून दुसऱ्या मोटरसायकलचा आवाज येत होता. वळून पाहिलं, धूळ. माझीच. सागाच्या झाडांवर आवाज आपटून परत येतो, सायन्स आहे.

मात्र तो आवाज तिसऱ्या ठोक्याला अडखळत होता. माझी गाडी अडखळत नाही. वामनरावांची अडखळायची.

रात्री सुभद्रेकडून कानात कोमट तेल घालून घेतलं. कानात मळ साचला की असं होतं.

१ फेब्रुवारी.
अलीकडे कोर्टात मागच्या गल्लीने जातो. पाव मैलाचा फेरा पडतो, पण व्यायाम होतो. सुभद्रा म्हणाली, समोरच्या दारापुढून जाताना व्यायाम होत नाही का? बायकांना फिजिकल कल्चर कळत नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार.
पुन्हा प्रॅक्टिस, आठ मैल. कान साफ आहेत. आवाज आहे. पाचव्या मैलावर एकदम इंजिन बंद केलं. सायन्सप्रमाणे मागचा आवाजही बंद पडायला हवा. तो तसाच येत राहिला, जवळ आला आणि मग बंद पडला. जणू कोणी माझ्यामागे थांबलं. मागे मोकळी सडक, दोन्हीकडे पळस. गाडी चालू करताना किक दोनदा चुकली. सकाळी काही खाल्लं नव्हतं.

परत येताना गेल्या वर्षीचा हिशेब मनात पुन्हा तपासला. दहा मिनिटं म्हणजे जरा सढळ हाताने म्हटलं. पाच तरी नक्कीच थांबलो होतो.

संकल्प: राइडपर्यंत हा विषय मनात आणायचा नाही.

७ फेब्रुवारी.
दोन मिनिटं.

८ फेब्रुवारी.
संध्याकाळी रेणुकाबाई घरी आल्या. मी न्हाणीघरात होतो. म्हणजे त्या आल्या तेव्हा गेलो. बंब पेटलेला नव्हता, तरी गार पाण्याने दोन वेळा आंघोळ केली, कारण त्या लवकर उठेनात. सगळं ऐकू येत होतं. पापडाचं पीठ, भाचीचं लग्न. वर्षभरात त्यांनी मला एकदाही काही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी सविस्तर उत्तर दिलं असतं. जाताना सुभद्रेला म्हणाल्या, वकीलसाहेब पुन्यांदा तिकडंच जाऊन राह्यले म्हने. सांबाळून जा म्हना.

सर्दी झाली.

१० फेब्रुवारी.
सर्दीमुळे राइड पुढे ढकलावी, असं माझं नव्हे, डॉक्टरांचं मत. यशवंतराव म्हणाले, तुमीच तं म्हनत होते, घाबरनं शोभत नाही. मी म्हणालो, ठीक. उद्या मी सर्वांत मागे राहीन. सेक्रेटरीने मागे राहून देखरेख करणं योग्य. मागे कोणी नसेल तर आवाज कुठून येणार? युक्ती बिनतोड आहे. फार आधी सुचायला हवी होती.

११ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.
निघालो. उद्धवराव, यशवंतराव, मी. तबियत उत्तम.

६.२०.
आवाज आहे.

तोच दिवस, घरी परतल्यावर.
जे झालं ते क्रमाने लिहितो. साक्षीदाराने असंच सांगावं.

दहाच्या सुमारास फाटा आला. पुढे यशवंतराव नियमाप्रमाणे माझ्यासाठी थांबले होते. मी दिसलो, हात वर केला, ते उजवीकडे निघाले. मीही निघायचं. माझ्यामागे कोणी नव्हतं, निदान रजिस्टरवर कोणी नव्हतं. पण आवाज येतच होता. तिसऱ्या ठोक्याला अडखळत, आपला हळूहळू. वामनराव कधी घाई करत नसत. मागे कोणी असेल तर थांबावे, असा नियम आहे. मी गाडी बाजूला घेतली आणि थांबलो.

आवाज बंद झाला. कोणी दिसलं नाही. पण दिसल्याशिवाय हलायचं नाही, असाही नियम आहे.

अकरा वाजले. बारा वाजले. एक गाडीवान ज्वारीचा कडबा घेऊन गेला. विचारू लागला, कोनाची वाट पाहून राह्यले? मागून एकजण येतोय म्हणालो. तो म्हणाला, मी त्या मागच्या सडकेनंच आलो, मागं तं कोनी नाही बा. मी म्हणालो, येईल. तो माझ्या तोंडाकडे बघत गेला. पळसाची फुलं गळत होती, एवढाच आवाज. मला फार भीती वाटत होती. पण निघण्याची त्याहून जास्त वाटत होती.

चार वाजता दोघे परत आले. नदीकाठी माझ्या नावाची पुरी-भाजी त्यांनी संपवली होती. उद्धवराव म्हणाले, गाडी बिघडली का? मी नाही म्हणालो. मंग काऊन थांबले? मी गॉगल पुसू लागलो. मग यशवंतरावांनी डावीकडच्या गाडीवाटेकडे पाहिलं. माझी गाडी त्यांनीच चालू करून दिली.

१२ फेब्रुवारी.
थांबलो नव्हतो.

दहा नाही, पाच नाही, दोन नाही. वेग कमी केला होता, असं आज सकाळपर्यंत म्हणत होतो. तोही केला नव्हता. माझ्या पुढचे उद्धवराव माझा हात पाहून निघाले, आणि नदीवर त्यांच्या आधी पोचायचं म्हणून मी गाडी सोडली. मास्तर येतील मागून, रस्ता काय माहीत नाही त्यांना, असं मनात आलं होतं. रस्ता त्यांना माहीत नव्हता. ते पहिल्यांदाच येत होते.

१४ फेब्रुवारी.
कोर्टात जाताना समोरच्या दारात गेलो. रात्रभर बसून निवेदन लिहिलं होतं, तीन पानं, मुद्दे एक ते नऊ. पहिला मुद्दा धुळीचा होता. रेणुकाबाई पापड वाळत घालत होत्या. कागद काढलाच नाही. म्हणालो, वहिनी, मी थांबलो नव्हतो.

त्या म्हणाल्या, मालूम हाय. तुमी थांबले असते तं ते दिसले नसते का तुमाले? येवढं मले कळते.

मी विचारलं, मग वर्षभर बोलल्या का नाहीत? म्हणाल्या, मी काऊन बोलू? सांगाचं तुमाले होतं.

रडतील, शिव्या देतील, दार लावतील, या सगळ्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी पापड पुरे केले. मग म्हणाल्या, मले तो फाटा दाखवा. उद्या नाही तं परवा. मोटरसायकलवर मी बसनार नाही.

१६ फेब्रुवारी.
बैलबंडी सांगितली. रेणुकाबाई, सुभद्रा आणि मी. क्लबच्या रजिस्टरमध्ये नोंद करावी की नाही, यावर विचार केला. केली नाही.

जी वाट चार तासांत कापतो तिला दोन मुक्काम. बैल चढावर उभे राहतात. मी उतरून चालतो. गॉगल लावला होता. सुभद्रेने काढायला लावला.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार.
सकाळी नऊला फाट्यावर पोचलो. रेणुकाबाई उतरल्या. दोन्ही वाटा पाहिल्या. डावीकडे थोडं चालून गेल्या, परत आल्या. नदी दिसत नाही तिथून, नुसतं गवत आहे.

मग विचारलं, ते इथं आले तवा तुमी कुठं होते?

मी उजवीकडच्या सडकेवर चालत गेलो. अंदाजाने एक जागा धरून उभा राहिलो. खरं म्हणजे आणखी पुढे होतो. आणखी पुढे गेलो. वळणापलीकडे जाऊन उभा राहिलो आणि तिथून हाक मारली. ओ आली नाही. परत आलो तेव्हा त्या फाट्यावरच उभ्या होत्या, सडकेकडे तोंड करून.

म्हणाल्या, इथून तुमी दिसत नाही.

मी नाही म्हणालो.