खोलण्याआधीची फेरी

आबा,

तुमची सायकल अजून खोललेली नाही, हे आधी सांगते. आजऱ्यात माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावरून धाकट्या भावाचं आणि माझं अडलंय.

मंगळवार पेठेतल्या तुमच्या दुकानात नवं सामान कमीच. कुणाची थकलेली सायकल विकत घ्यायची, खोलून सुटी करायची, पुढचं चाक धरणारा तिचा चिमटा एकाला बसवायचा, चाक दुसऱ्याला. पण पाना लावायच्या आधी तुम्ही मालकाला म्हणायचा, "पावणं, एक फेरी मारून या की. मग खोलतो." माणसं हसायची आणि तरी जायची. मी सातवीत असताना एक म्हातारे मास्तर फेरी मारून आले आणि हँडल सोडेचनात. तुम्ही त्यांना चहा पाजलात, शेजारी बसून राहिलात. त्यांनी आपणहून सायकल हातात दिली तेव्हाच खोलायला घेतलीत. तिची घंटी मी दप्तरात लपवली, तर तुम्ही ती हुडकून पाववाल्या चाचांच्या सायकलला लावून टाकलीत. मी रडून घर डोक्यावर घेतलं. "लोखंड पुजायचं नसतंय बाय, चालवायचं असतंय," म्हणालात, आणि मला कॅरेजवर बसवून रंकाळ्यावर भेळ खायला नेलंत. तुमच्या शर्टाला ग्रीसचा वास येतोय, मी फुगून बसलेय, आणि तुम्ही मुद्दाम खड्ड्यातनं सायकल घालताय.

तुम्ही गेलात तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. जाण्याआधी दवाखान्यात म्हणालात, "सायकल तुझी." त्यामुळं मालक मीच. आता सगळे मोटरसायकलवर बसतात, दुकान धाकटा चालवतो, पण तिथं खोलायलासुद्धा जुनी सायकल येत नाही. गेल्या दिवाळीत धाकटा भाऊबीजेला आला तो हेच घेऊन. "अक्का, चाचांच्या सायकलचा चिमटा मोडलाय. त्या मापाचा नवा मिळत न्हाय. आबांचा बसतोय बघ, दे की." मी म्हटलं, फेरी मारल्याबिगर खोलायची नाही, आबांचा नियम हाय. "मग मार की. येती न्हवं तुला?" मी गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा धरलाय, पायडल मारवत नाही म्हटलं. पुढच्या खेपेला बिचारा माझ्या गुडघ्याला लावायला तेल घेऊन आला. चिमट्याचं पुन्हा बोलला नाही. चाचा या वयात डोक्यावर टोपली घेऊन चालत पाव विकतात, एवढं मात्र सांगून गेला.

तुम्ही असता तर मला काय बोलला असता, ते पाठ आहे. पण आबा, फेरी मारून आले की मलाही हँडल सोडावं लागणार. चिमटा चाचांकडं, चाकं आणखी कुणाकडं, आणि मग तुम्ही मला एका जागी सापडणार नाही. मला तुमची फार आठवण येते. दुपारी घरात कुणी नसलं की मी सायकल स्टँडवर लावते, सीटवर बसते आणि सोप्यातल्या सोप्यात पायडल मारत राहते. चेनचा आवाज अजून तसाच येतो.

हे कागद टपालात कुठं टाकणार मी, घडी करून ठेवते. गुडघा माझा दुखत नाही, आबा. कधीच दुखला नाही.