आईला वाक्य नाही

३ जानेवारी
आले बाई एकदाची! दादा स्वतः स्टेशनवर आले होते. एवढे मोठे दिग्दर्शक, पण माझी बॅग त्यांनीच उचलली आणि रस्ताभर माझं कौतुक चालवलं होतं. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्या नाटकात विशीत मुलगी केली, त्याच नाटकात आता आई करायची. कंपनी तीच, दादाही तेच. धाकट्या बहिणीला फोन केला तर म्हणते, आता तुझ्यावर ओरडायला दुसरी आणली असेल, भोग आपल्या कर्माची फळं! हसून हसून पुरेवाट झाली.

खोली थिएटरच्या मागच्या अंगाला आहे. खिडकीतून अंगण दिसतं. नेपथ्याच्या फळ्या रंगवून तिथेच वाळत ठेवतात, त्यामुळे सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. बाकीचे नाक मुरडतात, मला तो वास माहेरचा वाटतो.

आक्का नाहीत एवढीच रुखरुख. माझ्या वेळी आई त्याच करायच्या, पुढेही शेवटपर्यंत त्यांनीच केली. तिसऱ्या अंकात मुलगी आईला वाट्टेल ते बोलते आणि आई खुर्चीत बसून नुसतं ऐकते. त्या अख्ख्या अंकात आईला एकही वाक्य नाही. पडदा पडला की आक्का आधी मला विचारायच्या, घसा बसला नाही ना गं? गेल्या वर्षी प्रयोग संपल्यावर त्यांना चक्कर आली आणि दवाखान्यात नेल्यावर त्या वारल्या, असं दादा म्हणाले.

५ जानेवारी
तालीम सुरू झाली. मुलगी करणारी पोर गुणी आहे. सगळे तिला छोटी म्हणतात. गेल्या वर्षी आक्कांबरोबरही तीच होती. मला काकू म्हणायला लागली, तेव्हा म्हटलं, ताई म्हण, मी अजून इतकी जून झालेली नाही. लाजली. पण तिसऱ्या अंकात उभी राहिली की वाघीण! माझं मनगट धरून अशी काही बोलते की अंगावर काटा येतो.

तिचं बोलणं चालू असताना माझा डावा हात बधिर झाला. उचलून पाहिला तर उचलेना. तिचं शेवटचं वाक्य संपलं आणि मुंग्या येऊन हात मोकळा झाला. खुर्चीचा हात टोकदार आहे, शीर दबली असेल.

९ जानेवारी
पहिला प्रयोग. एक खुर्ची रिकामी नव्हती. पहिले दोन अंक लोण्यासारखे गेले.

तिसऱ्यात हात गेला आणि मग डावा गालही गेला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली, ती मला पुसता येईना. समोर लोक रुमालाने डोळे टिपत होते. आणि मला राग आला. कसला, कोणाचा, कळलं नाही. पण असा राग जन्मात आला नव्हता. उठावं आणि पहिल्या रांगेपासून एकेकाच्या मुस्कटात मारत जावं, असं वाटत होतं.

पडद्यामागे दादा धावत आले आणि म्हणाले, अगदी आक्का! मी सांगितलं, अहो, मला हात हलवता येत नव्हता. तर म्हणाले, तेच तर हवंय, आता ते बिघडवू नकोस. तळपायाची आग मस्तकात गेली.

१२ जानेवारी
डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक आहे म्हणे, विश्रांती घ्या.

राग मात्र उतरत नाही. सकाळी बहिणीने साधं जेवलीस का विचारलं, तर तिला नाही नाही ते बोलले आणि फोन आपटला. माझ्या तोंडून असं कधी गेलं नव्हतं. दादांकडे दुसरी खुर्ची मागितली. म्हणाले, नखरे सुरू झाले का?

१५ जानेवारी
पडदा ओढणारा पोरगा, त्याला सगळे कप्पीच म्हणतात, त्याने आज अंगणात गाठलं. बराच वेळ फळीवरचा वाळलेला रंग नखाने खरवडत राहिला. मग बोलला.

आक्कांना चक्कर प्रयोगानंतर आलीच नव्हती. तिसरा अंक सुरू झाला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी कशीबशी मान वळवून विंगेत पाहिलं. कप्पीने दोरीला हात घातला, तेव्हा दादांनी त्याचं मनगट पकडलं. म्हणाले, बसलीये ना ती? तिला बसूनच राहायचंय. चालू दे.

अख्खा अंक चालू दिला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. पडदा पडला तेव्हा आक्का संपल्या होत्या.

कप्पी रडत होता. मला रडू आलं नाही. दात इतके आवळले की हिरड्यांतून रक्त आलं.

१६ जानेवारी
दुपारच्या तालमीत सगळ्यांसमोर विचारलं. दादा गडबडले नाहीत. म्हणाले, ती खरी नटी होती, तिलाही हेच आवडलं असतं.

मी म्हटलं, मग बसा त्या खुर्चीत. बसून दाखवा.

हसत हसत पायावर पाय टाकून बसले. मी समोर उभी राहिले आणि मुलीचं भाषण सुरू केलं. इतक्या वर्षांनी एक शब्द अडला नाही. अर्ध्यावर त्यांचं हसू एका बाजूने ओघळलं. पाय खाली घसरला. बाकीच्यांना वाटलं, दादा नक्कल करताहेत. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

मला कळलं होतं. तरी मी थांबले नाही. शेवटच्या वाक्यापर्यंत बोलले. आणि काय बरं वाटलं!

१८ जानेवारी
दादा जिवंत आहेत. वाचा गेली. नुसते बघतात म्हणे.

शनिवारचा प्रयोग करायचा असं कंपनीने ठरवलंय, तिकिटं गेलीत. मला वाटलं होतं, आता तरी हे शांत होईल. आक्कांचा हिशेब त्याच माणसाशी होता.

शांत झालं नाही. वाढलंय.

१९ जानेवारी
कप्पीकडून ती खुर्ची फोडून घेतली. दुसरी आणली, हलकी, वेताची. बसून पाहिलं.

तेच. हात. गाल. राग.

म्हणजे खुर्चीत नव्हतंच ते.

आता कोणावर राग? छोटीला जवळ बसवून विचारलं, आक्का गेल्या त्या दिवशी तुला काही जाणवलं नाही? रडायला लागली. म्हणाली, आक्कांचं मनगट गार लागलं होतं ताई, पण मला वाटलं पंख्याने असेल, आणि माझं भाषण रंगलं होतं हो.

तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले. डावा हात. तो केसांपाशी थांबला नाही — मानेवर गेला — मी उजव्या हाताने ओढून काढला. तिला वाटलं मी कुरवाळतेय. डोकं टेकवलं माझ्या खांद्यावर.

२० जानेवारी
उद्या करत नाही म्हणून सांगितलं. व्यवस्थापक म्हणाले, दादांच्या आजारपणात असं वागणं शोभतं का. मी किंचाळले. काय किंचाळले ते — आवाज माझा नव्हता.  मग कोणीतरी म्हणालं, वा, हे तिसऱ्या अंकात का नाही घेत?

पळून जाणार होते. पायच वळत नाहीत दाराकडे.

२१ जानेवारी
दुसऱ्या अंकानंतर. मेकअपच्या आरशासमोर.

छोटीला म्हटलं, आज लांब उभी राहून बोल. म्हणाली, मनगट धरल्याशिवाय माझी वाक्यं येत नाहीत ताई. हसली. काय गोड हसते.

कप्पीला म्हटलं, ती जवळ आली की पडदा पाड. हो म्हणाला. पण दोरीकडे गेलाच नाही — नाही पाडणार तो —

आक्का, पोरीची चूक नाही. लहान आहे हो ती. तिला माहीत नव्हतं. तुम्हीच विचारायच्या ना मला, घसा —

ऐकत नाहीत.

डावा हात बधिर नाही आज. चांगला हलतोय. मी हलवत नाहीये

घंटा झाली. ती दारात आलीये, चला म्हणतेय, हात पुढे केलाय —

छोटे, नको, माझा हात धरू न