तानाबाईचा बागेतला गडी

मी, शंकरराव सखाराम तायडे, वय एकाहत्तर, एस.टी.तून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन, राहणार जळगाव जामोद, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दाबाखाली नसताना हे मृत्युपत्र करून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, म्हणून मी सांगतो आहे आणि सूनबाई राखी लिहीत आहे. वकील म्हणाले, जिला काही मिळणार तिच्याच हातून लिहून घेऊ नका, लोक शंका घेतात. घेऊ द्या. तिला मिळणाऱ्या वस्तूंसाठी कोर्टाची पायरी कोणी चढणार नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलगा देवानंद याला. मागच्या भिंतीची ओल त्याने एकदाची काढून घ्यावी. सांगून सांगून माझे तोंड दुखले.

२. माझी सायकल धाकटा भाऊ रंगराव याला. हवा भरायचा पंप देऊ नये. माझी पत्नी तानाबाई म्हातारपणी व्हिडिओ गेम खेळते म्हणून तो चारचौघांत हसला होता. पंप मागायला आला तर त्याला हे कलम वाचून दाखवावे.

३. आता तो व्हिडिओ गेम. देवानंद शाळेत असताना मलकापूरहून आणलेला, टीव्हीला जोडायचा सेट. पोराचा नाद सुटला आणि आईला लागला. तिला जिंकायचे नव्हतेच. बागेच्या टप्प्यावर पोचली की झाडाखाली, जिथे कोणी मारायला येत नाही, तिथे ती आपला गडी उभा करायची आणि संगीत ऐकत तुरीची डाळ निवडत बसायची. थोडी टुणटुण, मधे एक लांब सूर, मग पुन्हा पहिल्यापासून. काय ते एकच एक, असे मी म्हणायचो. आता त्याशिवाय दुपारी माझा डोळा लागत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दवाखान्यात जाताना ती म्हणाली, "बंद नोका करू, मी आल्यावर पाहतो." ती आली नाही. मी सेट बंद केला नाही. बंद केला की सारे मुळापासून सुरू होते, आणि बागेपर्यंत जाणे मला कधी जमले नाही. लाइन गेली तरी तो चालावा म्हणून घरातल्या इन्व्हर्टरवरचे पंखे काढून टाकले. सूनबाई घामाने निथळत पोळ्या लाटायची आणि माझा टीव्ही चालू असायचा. याची मला लाज वाटते.

४. यंदा वैशाखात लाइन गेली आणि सेटही बंद पडला. मी राखीवर तुटून पडलो. तू चोरून मिक्सर लावला, बॅटरी खाल्ली, माझी तानाबाई दुसऱ्यांदा मारली, असे बोललो. हो राखी, हेही लिही. रोज ताटावर बसून बोललो.

मिक्सरचा काही संबंध नव्हता. आमच्या खारपाणपट्ट्यात घरोघर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा एक कॅन आणि विकतच्या गोड्या पाण्याचा दुसरा असतो. बॅटरीचे पाणी मी तसल्याच तिसऱ्या कॅनमध्ये ठेवायचो. मी खाऱ्याचा कॅन बॅटरीत ओतला. दयाराम मिस्त्रीने बॅटरी उघडून मला हे सांगितले. जन्मभर एस.टी.च्या बॅटऱ्या सांभाळलेला माणूस मी, कोणत्या तोंडाने कबूल करू? दयारामला गप्प बसवले आणि सुनेला बोलतच राहिलो.

नवी बॅटरी बसली. मग एका दुपारी झोपेतून उठलो तर तीच टुणटुण. गडी झाडाखाली उभा. मी झोपलो की राखी तो खेळ शिकत होती, हे तेव्हा कळले. तरीही मी खरे बोललो नाही.

५. म्हणून सेट, टीव्ही आणि इन्व्हर्टर राखीला. मी गेल्यावर तिने सेट बंद करावा आणि इन्व्हर्टरवर पंखा लावावा. राखी, चूक माझी होती. मले माफ कर.

येथे लिहिणारीचा हात थांबला. ती म्हणाली, "मले माहीत होतं, मामाजी. दयारामभाऊनं मलेच आधी सांगतलं होतं."

मग इतके ऐकून काऊन घेतले, असे मी विचारले.

"आई गेल्यापासून तुम्ही ताटावर बसतच नव्हते. मले बोलासाठी तरी बसत होते. बोलता बोलता दोन पोळ्या पोटात जात होत्या."

हे लिहायला ती तयार नव्हती, मी हट्टाने लिहून घेतले. यापुढे मला एकही कलम सुचत नाही.

सही : शंकरराव सखाराम तायडे
लिहिणार : राखी देवानंद तायडे

आमच्या देखत सही झाली.
साक्षीदार : १. दयाराम मिस्त्री २. भिमाबाई इंगळे, शेजारीण

जळगाव जामोद, जि. बुलढाणा
दि. १६ नोव्हेंबर २०२५