नाळ वाढते

अण्णा, आज सकाळी देवापुढे वाढवलेला नारळ आतून नासका निघाला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दुकानदाराने गळ्यात मारला, देवाला कशाला मध्ये घेतेस?" मीही स्वतःला तेच बजावलं. पण तेव्हापासून हात कामाला लागत नाहीत. म्हणून जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं घेऊन तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली.

खडकीला आपल्या क्वार्टरपुढे दिवाळीत बाकीची पोरं डोंगरी किल्ले करायची. आपला किल्ला मात्र दरवर्षी पाण्यात. हौदात विटा रचून जलदुर्ग, आणि त्याच्या राखणीला मराठी आरमारातल्या लढाऊ जहाजाची तुमची प्रतिकृती, सागवानी गुराब. कारखान्यात दिवसभर लाकडी साचे करून आलेले तुम्ही चहा झाला की पुन्हा पटाशी हातात घ्यायचात. शेजारचे काका कठड्यावर रेलून हमखास डिवचायचे, "अहो, साहेबाच्या तीन मजली जहाजापुढे हे होडगं काय टिकणार?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "टिकायला थांबतंय कोण? तळ उथळ, सरळ खाडीत शिरते. तुमच्या तीन मजल्यांना बाहेरच बसावं लागतं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं." मग वारा पडला तर वल्ह्यांची गलबतं तिला कशी ओढून नेतात, तोफा पुढे, नाळेवरून रोखलेल्या असल्याने पाठलाग करता करता कशा डागता येतात, सगळं साग्रसंगीत. तुमचं ऐकताना गुराबेत काही खोट असेल असं कुणाला वाटायचंच नाही.

खोट मी पाहिली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. दुपारची वेळ. तुम्ही हौदात पाट आपटून लाटा काढताय आणि मी काठावर बसले आहे. आडव्या लाटेवर गुराब झकास डोलते. मग समोरून लाट येते, आणि ती आपली नाळ, तो पुढचा लांब निमुळता सुळका, पाण्यात खुपसते. वर काढतच नाही. कट्ट असा बारीक आवाज होतो. "अण्णा, मोडली!" मी ओरडले. मला वाटलं, जहाजासाठी रागावाल. तुम्ही रागावलात शब्दासाठी. "मोडली म्हणू नये. वाढली म्हण." आपल्या घरी बांगडी वाढायची, मंगळसूत्र वाढायचं, डब्यातले तांदूळसुद्धा संपायचे नाहीत, वाढायचे. ओल्या हातानेच तुम्ही वहीत लिहिलंत, "समोरच्या मोठ्या लाटेत नाळ वाढते. ध्यानात ठेवणे." अक्षर पाण्याने फुटलं, ते अजून तसंच आहे. दुसऱ्या दिवशी नवी नाळ बसवलीत आणि काकांना पुन्हा फक्त गुणच सांगितलेत.

तुमच्या नातीनेही तुमच्या मांडीवर बसून गुणच ऐकले. हिंजवडीची नोकरी सोडून ती आता कोकणात खरीखुरी गुराब बांधणाऱ्या मंडळींत आहे. जुन्या पद्धतीची, शिडाची, इंजिनाशिवायची. गेल्या वर्षी ती इथे कोथरूडला आली, तेव्हा तिने तुमची वही मागून घेतली. जेवता जेवता चाळत होती, आणि एकदम ताटावरून उठली. "आई! नाळ किती लांब ठेवायची यावरून आमच्यात महिनाभर भांडण चाललंय. जुन्या चित्रांत दोन्ही तऱ्हा आहेत. आणि हे बघ, आजोबांनी लिहूनच ठेवलंय. मोठ्या लाटेत नाळ वाढते! म्हणजे मोठ्या समुद्रासाठी ते लोक नाळ लांब करत असणार."

"उष्ट्या हाताने वहीला हात लावू नये," एवढंच मी म्हणाले.

नाळ लांब झाली, अण्णा. आखलेल्यापेक्षा दोन हात जास्त.

नासका नारळ टाकून येते तोच तिचा फोन आला. "आई, उद्या सकाळी निघतोय. आतापर्यंत खाडीतच फिरवली, आता उघडा समुद्र. लाटा समोरून येतील म्हणतात, म्हणजे खरी परीक्षा. सगळे आमच्या नाळेला काय म्हणतात माहितीये? आजोबा!" खूप हसली. मी म्हटलं, "नारळ वाढवलात ना?" ती म्हणाली, "अगं हो, पहिल्याच फटक्याला फुटला." असं अगदी सहज म्हणाली. तिच्या तोंडी वाढणं म्हणजे फक्त मोठं होणं. मी तिला तेवढंच शिकवलं. घराची शिस्त मी पाळली, तिचा अर्थ सांगायचा राहिला. मग तिने फोटो पाठवला. नाळेच्या टोकावर पाय सोडून बसली आहे, खाली पाणी अगदी शांत. ते शांत पाणीच मला बघवत नाही. फोन पालथा घालून ठेवला आहे.

हे पत्र पाठवायचं नाहीच. मला तो शब्द एकदा लिहून बघायचा होता, म्हणजे तोंडातून निघेल. मोडते. समोरच्या लाटेत नाळ मोडते. लिहिला. देवघरात समई तेवते आहे आणि मी हे लिहिलं. रागवा हवं तर. आता फोन सरळ करते आणि तिला हाच शब्द ऐकवते. निघण्याच्या आदल्या दिवशी, अपशकुन तर अपशकुन.

फक्त एक, जे तिला सांगणं जमेल असं वाटत नाही. ती ताटावरून उठली ना, तेव्हाच मला कळलं होतं. तिचा चेहरा इतका उजळला होता, अण्णा, की तुमचा शब्द मी मुद्दाम तसाच राहू दिला.