सैतानाची भुवई

१२ जुलै १९७४

सैतान कसा दिसतो, कुणी सांगेल का! थेटरच्या मॅनेजरनं नव्या पिक्चरचे तीनच फोटो पाठवलेत — मेणबत्त्या, सुरा आणि डोळे मिटून बसलेली कॉलेजची पोरं. ही पोरं सैतानाला भजतात आणि मैत्रिणीचा खून करतात म्हणे. मॅनेजरचा निरोप, "बॅनरवर सैतान मोठा पायजे. बघून भ्या वाटलं पायजे." आणि फोटोत सैतानच नाही!

दसऱ्यापासून आप्पांचा हात थरथरतो. चेहरे मीच काढते. खाली कोपऱ्यात 'रुद्रप्पा पेंटर' हे आप्पांचं नावही मीच लिहिते. कुणी आलं की आप्पा माझ्या हातातला ब्रश घेऊन उभे राहतात. पोरीनं काढलेला बॅनर कोण लावणार?

१४ जुलै

सिद्धलिंगप्पा मामा आला. अव्वाचा धाकटा भाऊ, छत्तीस वर्षांचा, भुसार दुकानवाला. मामानं भाचीला मागायची आमच्यात रीत, म्हणून मी ह्याला! मी एकोणीसची. नको म्हणून तीनदा सांगून झालं. अव्वा म्हणते, "मामाचा हक्क असतोय, गंगम्मा, गप बस की." मामा म्हणाला, "लगीन झाल्यावर रंगबिंग बंद. हाताला लई वास येतोय."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अव्वाला वाटलं, पोरगी पाघळली. मी त्याची डावी भुवई किती वर चढते ते मापत होते.

१६ जुलै

काढला! दहा फुटी तोंड. शिंगं, लाल डोळे, चढलेली डावी भुवई, हनुवटीवरची चामखीळ. आप्पा बराच वेळ बघत उभे राहिले. ओळखलं नसावं.

१९ जुलै, शुक्रवार

बॅनर चढला. दुपारपर्यंत बाजारभर बोंब! मामाच्या दुकानासमोर पोरं हात जोडून म्हणतात, "नमस्कार सैतानसाहेब!" मला हसू आवरेना.

२० जुलै

मामा घरात येऊन आप्पांवर ओरडला, "दाजी, माझं तोंड चव्हाट्यावर टांगलंय तुमी! उद्याच्या उद्या पुसा. न्हाय तर तुमची पोरगी मला नको."

नको तर नको! मी तोंड उघडणार तोच अव्वानं रडत त्याचे हात धरले. आप्पा खाली बघून म्हणाले, "पुसतो."

काढलं मी, पुसणार हे! मला विचारलंसुद्धा नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. भित्रे आहेत आप्पा! लिहिलं. खोडणार नाही.

२१ जुलै

दसऱ्यापासून शिडीला हात न लावलेले आप्पा सकाळी रंगाचा डबा घेऊन एकटेच गेले. मी शिडी धरायला गेले नाही. परत आल्यावर चहा दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. आता चेहरे काढायला दुसरं कुणी शोधा म्हणावं!

२२ जुलै

थेटरवर जाऊन आले. सैतान तसाच आहे, भुवईसकट. आप्पांनी पुसलंय ते स्वतःचं नाव. तिथं वाकड्यातिकड्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलंय — 'गंगम्मा पेंटर'.