कमानीवरचं चुन्याचं फूल

मंगळवार, संध्याकाळ. विद्यानगर

सकाळपासून लिहायचं टाळतोय. आधी चहा, मग कोठीच्या पुस्तकबाजारात जुनी पुस्तकं चाळत भटकलो. पण लिहिल्याशिवाय आज घास उतरणार नाही.

जुन्या सराईच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान हवंय. ठेकेदार मामा, प्रस्तावातले फोटो माझे. उद्या मंजुरी देणारी कमिटी पाहणीला येणार. आज सकाळीच मामा कमानीकडे बघत म्हणाले, "हे फूल एवढं धड दिसलं तर अनुदान कोण देईल? पडझड दिसली पाहिजे." आणि मिस्त्रीला हातोडा मारायला लावला. इतकं नाजूक चुन्याचं फूल, सरळ मातीत! मी ओरडलो.

"कायकू चिल्लारा रे? पैसे आले की सिमेंटचं नवं बसवू. काढ फोटो!"

शी! याला जतन म्हणायचं? आणि मी काढलेसुद्धा. मामांच्याच घरात जेवतो ना. फुलाची एक पाकळी खिशात घालून आणलीय, बोटांना अजून चुना आहे. कुणाला दाखवू ती?

मामी हाक मारतेय. कमिटीच्या बाई आजच घरी आल्यात, येताना सराईत जाऊन, मातीत पडलेला ताजा चुना बघून. विचारतायत, फोटो काढणारा मुलगा कुठे आहे?