गौरींची छप्पन्न डावी पावलं

वर्तकनगर, ठाणे

तीर्थरूप कमळावहिनींस मारुतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करता, की दादालाच करायला लावता? (दादाला नमस्कार.) आम्ही सगळे ठीक. फोन तुम्ही घेत नाही आणि दादा दर वेळी "झोपलीये" म्हणतो. सकाळी अकरालाही आणि संध्याकाळी सहालाही झोपलेल्या माणसाला पत्रच बरं. जाग आली की वाचता येतं.

राग कशाचा ते मला ठाऊक आहे. तुम्हाला खाली बसवत नाही म्हणून यंदापासून गौरी आमच्याकडे बसवायचं ठरलं. मुखवट्यांची पेटी तुमच्या मानपाड्याच्या घरातून उचलताना मी म्हणालो, "पावलांची चिंता सोडा वहिनी, आमच्याकडे आता मशीन आहे." जिने बत्तीस वर्षं ओल्या पिठात मुठी बुडवून उंबरठ्यापासून देवघरापर्यंत गौरींची पावलं उमटवली, तिला असं म्हणायचं नसतं, हे शुभदाने मला परतीच्या रिक्षात समजावलं. (मानपाडा ते वर्तकनगर. रस्ता लांब, समजावणी त्याहून लांब.)

मशीन सुनेचं, योगिनीचं. लॅपटॉपवर चित्र बसवायचं, मशीनमध्ये स्टिकरचा कागद घालायचा, की आतलं पातं ते चित्र बरोबर कापून देतं. कोलशेतच्या कारखान्यात मी तीस वर्षं ड्रॉइंग काढली, तेव्हा डिझाइन मीच बसवणार म्हणालो. पहिलं पाऊल बोटाच्या पेराएवढं आलं. माप वाढवलं, तर गौरी नसून भीम येतोय असं वाटलं. मग पातं जास्त खोल गेलं आणि कागदाखालची चिकट चटईसुद्धा कापली गेली. (योगिनीने नवी चटई मागवली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली.) शिवाय पावलाची बोटं सुटी असतात, आजूबाजूचा कागद सोलताना तीही निघून येतात. दुसऱ्या दिवशी शुभदाला माझ्या बनियनवर सात सापडली.

शेवटी मी नमुनाच बदलला. मागच्या वर्षीच्या फोटोत तुम्ही उंबरठ्याशी वाकलेल्या आहात. त्यातलं तुमच्या हातचं पाऊल लॅपटॉपवर गिरवलं, बोटं जोडून घेतली. फार सुबक आलं. छप्पन्न काढली, लिफ्टपासून देवघरापर्यंत मांडून पाहिली आणि शुभदाला बोलावलं. ती एकेक पाऊल वाकून बघत देवघरापर्यंत गेली. मला वाटलं, भारावली.

"अहो, गौरी काय लंगडी घालत येणार आहेत?"

छप्पन्नच्या छप्पन्न डावी होती. फोटोत उजव्या पावलावर तुमचा पदर आलाय, आणि मी जे दिसलं तेच गिरवलं. तीस वर्षं ड्रॉइंग काढलेला माणूस मी.

तर वहिनी, उजवं पाऊल अजून तुमच्याकडेच आहे. माझं चुकलं. रविवारी गौरी यायच्या आहेत, तेव्हा तुम्हीही यावं.

आपला दीर,
मारुती

ता. क. योगिनीने वरचा मजकूर वाचला आणि चित्र उलटं करायचं एक बटण असतं असं सांगितलं. पाच मिनिटांत तिने अठ्ठावीस उजवी पावलं काढून दिली. म्हणजे त्या कारणासाठी तुम्ही यायची गरज राहिली नाही. पण शुभदाने ती सगळी कपाटात टाकली आहेत आणि दारात लावायची नाहीत म्हणून बजावलंय. मी जेवणाचं टेबल दारापाशी सरकवलं आहे. त्यावर पाट ठेवतो. तुम्ही खुर्चीत बसून मुठी उमटवा, पाट खाली मांडायचं काम माझं. सात पाट जमवलेत. (चार शेजारचे.)

आणखी एक, जे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. मुखवट्यांच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली तुमच्याकडे राहिली आहे. शुभदा म्हणते, चुकून राहिली असेल. मी काही म्हणत नाही. फक्त ती दादाबरोबर पाठवू नका.